चोपन्न आणि चोपन्न

आमच्या घरी टेनिस पाहताना हिशेब ठेवायची पद्धत होती. बाबा बँकेत ऑडिटला होते. चौदाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मी पुण्यात आणि आसपास स्पर्धा खेळले, त्या प्रत्येक सामन्याला बाबा जाळीबाहेरच्या बाकावर वही घेऊन बसलेले असत. वहीत दोन रकाने. डावीकडे 'गु', म्हणजे मी स्वतः मिळवलेले गुण. उजवीकडे 'चु', म्हणजे चुका. सामना जिंको की हरो, स्कूटरवरून घरी येताना चर्चा व्हायची ती उजव्या रकान्याची. डावा रकाना कशासाठी होता, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

या हिशेबातून मी जशी घडायची तशीच घडले. चेंडू आत ठेवणारी. उंच, सावकाश, जाळीवरून दोन हात वरून, समोरची कंटाळेपर्यंत. बऱ्यापैकी जिंकलेही. अठराव्या वर्षी खेळ सोडला तेव्हा अभ्यासाचं कारण सांगितलं, ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की मला खेळायचा कंटाळा आला होता, आणि जिंकणाऱ्या माणसाला कंटाळा येतो हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे १० जून २०१७ची संध्याकाळ. फ्रेंच ओपनची महिला एकेरीची अंतिम फेरी. बाबा निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती, पण टीव्ही लागल्याबरोबर त्यांनी वीजबिल उलटं केलं आणि पेनानं मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला रुमानियाची सिमोना हॅलेप. जिंकली असती तर ती जागतिक क्रमवारीत पहिली झाली असती. दुसऱ्या बाजूला लॅटव्हियाची येलेना ओस्टापेन्को. दोनच दिवसांपूर्वी वीस वर्षांची झालेली, क्रमवारीत ४७वी, स्पर्धेत मानांकन नाही, आणि त्या दिवसापर्यंत व्यावसायिक टूरवरची एकेरीची एकही स्पर्धा न जिंकलेली.

पहिला सेट हॅलेपनं ६-४ घेतला. दुसऱ्यात ती ३-०नं पुढे होती आणि ४-० करायची संधीही तिच्यासमोर होती. बाबांच्या उजव्या रकान्यात तोवर रेघांच्या जुड्या झाल्या होत्या. "ही पोरगी स्वतःच हरतेय," ते म्हणाले. मग ओस्टापेन्कोनं दुसरा सेट ६-४ घेतला. तिसऱ्यात ती १-३नं मागे पडली आणि तिथून सलग पाच गेम जिंकून विजेती झाली. शेवटचा गुण तिनं हॅलेपच्या सर्व्हिसवर बॅकहँडचा सरळ रेषेतला परतीचा फटका मारून मिळवला. इतक्या मोठ्या गुणाला चेंडू आधी फक्त आत टाकावा, हे तिच्या मनातही आलेलं दिसलं नाही.

नंतर पडद्यावर आकडे आले. ओस्टापेन्कोचे विनर ५४, अनफोर्स्ड एरर ५४. हॅलेपचे विनर ८, अनफोर्स्ड एरर १०. बाबांनी वीजबिलाची घडी घातली आणि म्हणाले, "एकशे आठ. जपमाळ झाली की." बाकी काही बोलले नाहीत.

गेली काही वर्षं मी त्या जपमाळेचा विचार करते आहे. ओस्टापेन्कोबद्दल लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक एका चाकोरीतून: ताकद आहे पण सातत्य नाही; चांगल्या दिवशी कुणालाही हरवेल, वाईट दिवशी कुणाकडूनही हरेल; जरा संयम शिकली तर कुठल्या कुठे जाईल. या वाक्यांत खोटं काही नाही. तरी माझं म्हणणं असं आहे की ती भलत्याच ठिकाणी बोट ठेवतात. ५४ विनर एका मुलीनं मारले आणि ५४ चुका दुसऱ्या, बेजबाबदार मुलीनं केल्या, असं ती वाक्यं धरून चालतात. ते १०८ फटके एकाच निर्णयातून निघाले होते. निम्मे आत पडले, निम्मे बाहेर.

आधी 'अनफोर्स्ड एरर' या शब्दाकडे पाहू. टेनिसच्या नियमपुस्तकात ही संज्ञा नाही. नियमांच्या दृष्टीनं चेंडू आत असतो किंवा बाहेर. कोर्टाशेजारी नोंदी ठेवणारा माणूस ठरवतो की ही चूक प्रतिस्पर्ध्यानं करायला लावली की खेळाडूनं आपण होऊन केली. एकाच सामन्याच्या नोंदी दोन माणसांनी स्वतंत्रपणे ठेवल्या तर आकडे जुळतीलच असं नाही. म्हणजे जो आकडा आपण थर्मामीटरच्या पाऱ्यासारखा वाचतो, तो मुळात कुणाचं तरी मत आहे. मराठीत आणताना आपण आणखी एक पायरी पुढे जातो. 'अनावश्यक चूक', 'टाळता येण्याजोगी चूक' असं म्हणतो. मूळ शब्दात फक्त दबाव नव्हता एवढंच सांगितलेलं होतं. आपल्या शब्दात शिस्तीचा प्रश्न येतो. टाळता आली असती, टाळली नाही, म्हणजे मुलगी बेफिकीर.

पण ती चूक टाळायची तर काय टाळावं लागलं असतं? इथे जरा मोजमापं हवीत. टेनिसची जाळी मधोमध ९१.४ सेंटिमीटर उंच असते आणि बाजूच्या खांबांपाशी १.०७ मीटर. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. कोपऱ्यातून समोरच्या विरुद्ध कोपऱ्यात, म्हणजे क्रॉसकोर्ट मारलं तर चेंडू जाळीच्या सखल भागावरून जातो आणि त्याला कर्णाची जवळजवळ एक मीटर चाळीस सेंटिमीटर जास्त लांबी मिळते. सरळ रेषेत मारलं तर जाळी उंच आणि जागा कमी. त्यातून चेंडूला टॉपस्पिन दिला तर तो जाळीवरून बराच वरून जाऊनही पुढे खाली वळतो आणि आत पडतो. सपाट मारला तर ही सवलत नाही. सपाट चेंडू जाळीच्या जरासा वरून जायला हवा. बोटभर खाली गेला तर जाळीत, रॅकेट अंशभर उघडी राहिली तर बेसलाइनच्या बाहेर.

ओस्टापेन्को सपाट मारते, सरळ रेषेत मारते आणि बेसलाइनच्या आत पाऊल टाकून, चेंडू उसळत असतानाच मारते. त्या वर्षी पॅरिसमध्ये तिच्या फोरहँडचा सरासरी वेग ताशी ७६ मैल मोजला गेला. अँडी मरेचा ७३ होता. सात सामन्यांत मिळून तिनं २९९ विनर मारले. हे फटके ठेवायचे आणि चुका तेवढ्या काढून टाकायच्या, अशी सोय भूमितीत नाही. चुका निम्म्या करायच्या तर चेंडू जाळीवरून अर्धा हात वर न्यावा लागेल, रेषेपासून हातभर आत घ्यावा लागेल, एक पाऊल मागे उभं राहावं लागेल. मग चेंडू हॅलेपपर्यंत पोचायला किंचित जास्त वेळ लागेल, आणि हॅलेपला तेवढाच वेळ हवा होता. त्या काळात मागून धावून चेंडू परत आणण्यात तिच्या तोडीच्या बाया एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. वीस फटक्यांच्या रॅलीत ओस्टापेन्कोचा निभाव लागला नसता. तिच्यासमोर सुरक्षित खेळण्याचा पर्याय होता हे म्हणणंच चूक आहे. सुरक्षित खेळली असती तर ती नेटकी हरली असती, आणि बाबांचा उजवा रकाना स्वच्छ राहिला असता.

इथे परीक्षा आणि टेनिस यांतला एक फरक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या प्रवेशपरीक्षांत चुकीच्या उत्तराला उणे गुण असतात, त्यामुळे खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यावा, हे शहाणपण आपल्या अंगात मुरलेलं आहे. टेनिसमध्ये प्रश्न सोडता येत नाही. चेंडू आला की काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. आणि विनरनं जेवढं मिळतं तेवढंच चुकीनं जातं: एक गुण. रॉजर फेडररनं २०२४मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलं होतं की कारकिर्दीत त्यानं जवळजवळ ८० टक्के सामने जिंकले, पण गुण जिंकले अवघे ५४ टक्के. पुन्हा चोपन्नच. फेडररला जर शंभरातले सेहेचाळीस गुण गमवावे लागत असतील, तर गुण गमावणं ही या खेळाची रोजची हवा आहे. ते कसे गमवायचे एवढंच खेळाडूच्या हाती असतं.

शिवाय पडद्यावरच्या त्या कोष्टकात एक रकाना नसतो. जोरदार फटक्याला प्रतिस्पर्धी कशीबशी रॅकेट लावते आणि चेंडू बाहेर जातो, तो गुण मारणाऱ्या मुलीच्या विनरमध्ये धरत नाहीत आणि दुसरीच्या अनफोर्स्ड चुकांमध्येही नाही. ताकदीची अर्धी कमाई या न दाखवलेल्या रकान्यात असते, आणि ताकदीचा खर्च मात्र ठळक अक्षरांत. बाबांच्या वहीतही हा तिसरा रकाना नव्हता.

एवढं वकिली बोलून झाल्यावर दुसरी बाजू मांडायला हवी, कारण ओस्टापेन्कोची पुढची वर्षं तिच्या चाहत्यांसाठी सोपी नाहीत. २०१८मध्ये ती पॅरिसला विजेती म्हणून परतली आणि पहिल्याच फेरीत कातेरिना कोझलोवाकडून ५-७, ३-६ अशी हरली. त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचली. तिथे अँजेलिक कर्बरनं तिला ६-३, ६-३ हरवलं. त्या सामन्याचे आकडे पॅरिसच्या जपमाळेशेजारी ठेवून वाचावेत: ओस्टापेन्को ३० विनर, ३६ चुका, कर्बर १० विनर, ७ चुका. खेळ तोच, निर्णय तेच, फक्त माळेतले तीन मणी उजवीकडे सरकले आणि दोन सरळ सेटमध्ये सामना संपला.

२०२३च्या अमेरिकन ओपनमध्ये तर दोन दिवसांत दोन्ही टोकं दिसली. चौथ्या फेरीत तिनं इगा श्वीऑनटेकला ३-६, ६-३, ६-१ हरवलं. श्वीऑनटेकचं पहिलं स्थान त्या पराभवानं गेलं. उपांत्यपूर्व फेरीत कोको गॉफनं तिला ६-०, ६-२नं घरी पाठवलं. श्वीऑनटेकविरुद्धची तिची कामगिरी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २०१९च्या पहिल्या भेटीपासून एप्रिल २०२५च्या श्टुटगार्टपर्यंत सहा सामने, सहाही ओस्टापेन्कोचे. यात जादू नाही. श्वीऑनटेकची फोरहँडची पकड टोकाची आहे, स्विंग मोठा आहे. तो पुरा व्हायला वेळ लागतो आणि ओस्टापेन्को नेमका तोच देत नाही. श्टुटगार्टला तिनं त्याच आठवड्यात अंतिम फेरीत आरिना सबालेन्कालाही ६-४, ६-१ हरवलं. सबालेन्का तेव्हा जगात पहिली होती.

मग अशी बाई दर महिन्याला का जिंकत नाही? मला वाटतं, इथे समीक्षकानं दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, आणि 'सातत्याचा अभाव' या शब्दानं त्या एकत्र कालवल्या जातात. एक, जोखमीचा हिशेब. मोठ्या जोखमीचा खेळ आपल्यापेक्षा सरस प्रतिस्पर्ध्याविरुद्ध फायद्याचा असतो. सरळ मार्गानं हरणारच असाल तर नाणं उडवणं शहाणपणाचं. पण चाळिसाव्या किंवा साठाव्या क्रमांकाच्या खेळाडूविरुद्ध, जिला ती साध्या खेळानंही हरवू शकते, तिच्याविरुद्धही तेच नाणं उडवणं म्हणजे हातातली आघाडी नशिबाच्या हवाली करणं. ओस्टापेन्कोची खरी उणीव इथे आहे. ती जोखीम घेते हा दोष नाही. ती कधी घ्यायची हे ती ठरवत नाही, हा आहे.

दोन, सर्व्हिस. सर्व्हिस हा टेनिसमधला एकमेव फटका आहे ज्यात प्रतिस्पर्ध्याचा हात नसतो. चेंडू आपण उडवतो, वेळ आपली, जागा आपली. तिचे डबल फॉल्ट भूमितीच्या किंवा धाडसाच्या नावावर खपवता येणार नाहीत. ती सरळ कारागिरीतली कमतरता आहे. तिच्या बाजूनं लिहिणाऱ्या माझ्यासारखीनं हे झाकलं तर तो लेख समीक्षा राहत नाही.

जोखीम निवडता येते, याचा पुरावा म्हणून स्टॅन वावरिंका आठवतो. त्यानं तीन ग्रँड स्लॅम जिंकली आणि तिन्ही अंतिम सामन्यांत त्या वेळच्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला हरवलं: २०१४मध्ये मेलबर्नला राफेल नदालला, २०१५मध्ये पॅरिसला आणि २०१६मध्ये न्यूयॉर्कला नोव्हाक जोकोविचला. पॅरिसच्या त्या सामन्यात त्यानं ६० विनर मारले. पण वावरिंकाचा खेळ नीट पाहिला तर बहुतेक वेळ तो बेसलाइनच्या बराच मागे उभा असतो. परतीचा फटका अनेकदा नुसता स्लाईसनं अडवतो, जड टॉपस्पिनचे दोन-तीन चेंडू टाकतो आणि मग तो बॅकहँड सोडतो. त्याच्याकडे साधा दिवस काढायचा खेळ होता, आणि त्यावर उभा केलेला असामान्य दिवसाचा. ओस्टापेन्कोकडे दुसराच आहे. गंमत म्हणजे वावरिंकाच्या वाईट दिवसांबद्दल लिहिताना लेखणी हळवी होते, कलावंताची लहर वगैरे शब्द येतात. ओस्टापेन्कोच्या वाईट दिवसाला आंधळी फटकेबाजी म्हणतात. बाईनं जोरात मारावं आणि चुकावं, याची आपल्याला अजून सवय झालेली नाही.

सातत्याची बाजूही मी एकदा प्रत्यक्ष पाहिली आहे. जानेवारी २०१८मध्ये महाराष्ट्र ओपन पहिल्यांदा बालेवाडीला झाली. अंतिम सामन्यात एका बाजूला केविन अँडरसन, दोन मीटरपेक्षा उंच, चारच महिन्यांपूर्वी अमेरिकन ओपनचा अंतिम सामना खेळलेला. दुसऱ्या बाजूला फ्रान्सचा जिल सिमॉन, किडकिडीत, डोळ्यांत भरणारा एकही फटका नसलेला. सिमॉन ७-६, ६-२ जिंकला. मी जाताना मनातून अँडरसनच्या बाजूची होते. पण गॅलरीतून कोर्ट पूर्ण दिसतं, टीव्हीवर दिसत नाही. सिमॉन चेंडू नुसता परत टाकत नव्हता. अँडरसनचाच वेग उसना घेऊन तो त्याला अशा जागी नेत होता जिथे त्याचे लांब पाय अडचण होऊन बसावेत. चेंडू आत ठेवणं हाही हल्ला असू शकतो, हे मला अठराव्या वर्षी कुणी दाखवलं असतं तर कदाचित मी खेळ सोडला नसता. मी चेंडू आत ठेवत होते तो मात्र वहीच्या भीतीनं.

म्हणून या दोन खेळांपैकी कोणता श्रेष्ठ, हा वाद मला घालायचा नाही. माझा आक्षेप एकच रकाना वाचण्यावर आहे. तो वाचून आपण ओस्टापेन्कोला उद्धट ठरवतो आणि सिमॉनला कंटाळवाणा, आणि दोघांनी कोर्टावर काय ठरवलं होतं ते पाहायचं राहून जातं.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा अचानक म्हणाले होते, "हिला लहानपणी कुणी शिकवलेलं दिसत नाही." मी म्हटलं, "अहो बाबा, तिची आई टेनिसची कोच आहे. पाचव्या वर्षापासून तिनंच शिकवलंय." बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, थोडा वेळ विचार केला. "मग आई वही ठेवत नसणार," म्हणाले. त्यात टोमणा होता की आणखी काही, मी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

मी हल्ली रविवारी सकाळी पुन्हा खेळते. मैत्रिणींबरोबर दुहेरी, चहाच्या पैजेवर. समोरून दुसरी सर्व्हिस हळू आली की आत पाऊल टाकते आणि बॅकहँड सरळ रेषेत मारते. जुनी खोड जात नाही, त्यामुळे मोजलंही: गेल्या रविवारी अकरा मारले, चार आत पडले. ओस्टापेन्कोच्या निम्म्याजवळही नाही. एकेरीत या हौसेची किंमत ज्याची त्यानं मोजायची असते, दुहेरीत ती जोडीदारालाही पडते. पाचवा चेंडू कुंपणाला लागल्यावर माझी जोडीदार कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, आत टाक ना. हरतोय आपण."

ती बरोबरच होती. पुढचे दोन मी आत टाकले, आणि आठवा पुन्हा मारला.